आधी पोटोबा? मार्कंड्याहून एक उत्तरपक्ष

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे बाकी सगळे विसरले तरी एक त्रिकोण बहुतेकांच्या लक्षात राहतो. तळाशी अन्न, पाणी, झोप. त्यावर सुरक्षितता. मग प्रेम आणि आपलेपणा, मग प्रतिष्ठा, आणि टोकावर आत्मवास्तविकीकरण नावाची, उच्चारायला आणि मिळवायला सारखीच अवघड गोष्ट. अब्राहम मास्लो यांची ही गरजांची अधिश्रेणी डी.एल.एड.च्या वर्गात शिकवतात, परिचारिकांच्या अभ्यासक्रमात शिकवतात, व्यवस्थापनाच्या पदवीला शिकवतात, आणि स्पर्धा परीक्षेला बसणारी मुले ती तोंडपाठ करतात. खालची पायरी भरल्याखेरीज माणूस वरच्या पायरीकडे पाहत नाही, असा तिचा एका ओळीतला सारांश. मराठी विद्यार्थ्याला तो पटायला वेळ लागत नाही, कारण ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ हे त्याने घरीच ऐकलेले असते.

परीक्षेतल्या उत्तरापुरते हे राहिले असते तर खंडन करण्याचे कारण नव्हते. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हा त्रिकोण नाव न घेता कारभार करतो. या लोकांना आधी रस्ता द्या, रेशन द्या, रोजगार द्या. वनहक्क, ग्रामसभा, भाषा, देव हे नंतरचे विषय, असे बैठकीत बोलले जाते तेव्हा कुणाला त्यात गैर वाटत नाही. सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे आणि तिथे ठाकूरदेवाची यात्राही भरते. तिथल्या खाणीच्या वादात ‘पोट महत्त्वाचे की डोंगरावरचा देव?’ असा प्रश्न विचारला जातो, तेव्हा विचारणाऱ्याने उत्तर आधीच धरून ठेवलेले असते.

माझे म्हणणे असे की हा क्रम मास्लो यांनी या स्वरूपात सांगितलेला नाही, पुराव्याने तो सिद्ध झालेला नाही, आणि या दोन जिल्ह्यांच्या गेल्या पाऊणशे वर्षांत महत्त्वाचे जे घडले ते बरेचसे याच्या उलट क्रमाने घडले.

प्रथम पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. भुकेने माणसाचे मन आकसते, हे कुणी नाकारू शकत नाही. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले. त्यांच्या मनाचे जे झाले ते वजनापेक्षा बोलके आहे. ही मुले पाककृतींची पुस्तके वाचू लागली, ताटातला घास तासन्‌तास पुरवू लागली. राजकारण, मैत्री, प्रेम यांतला त्यांचा रस आटला. विनोद संपले, चिडचिड वाढली. एखाद्या चळवळीचे भाषण ऐकवावे असे ते श्रोते नव्हते. त्रिकोणाच्या बाजूने याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

आता या पुराव्याची दुसरी बाजू पाहू. हे ३६ जण कोण होते? युद्धात बंदूक धरायला सद्‌सद्विवेकाच्या कारणाने नकार दिलेले तरुण. युरोपात युद्धानंतर जे उपासमारीतून उठतील त्यांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे डॉक्टरांना कळावे म्हणून ते स्वतःहून उपाशी राहिले होते. दारात पहारेकरी नव्हता. बाहेर पडून पोटभर जेवणे अशक्य नव्हते, आणि काहींचा तोल गेलाही. पण बहुतेकांनी शेवटपर्यंत निभावले. ज्या प्रयोगाने तळाची गरज मन कसे व्यापते हे दाखवले, तो प्रयोगच टोकावरच्या गरजेने उभा राहिला होता. भुकेने त्यांच्या मनातले सगळे विषय हुसकावले. त्यांना तिथे बसवून ठेवणारी निष्ठा मात्र तिला हुसकावता आली नाही.

इथे तीन गोष्टींची गल्लत होते, ती सोडवली पाहिजे. पहिली तातडी: कोणती गरज आत्ता, या क्षणी ओरडते. दुसरी महत्ता: माणूस कोणत्या गरजेला जास्त मोल देतो. तिसरी पूर्वअट: कोणती गरज भागल्याशिवाय दुसरी उद्भवतच नाही. भूक तातडीची आहे, याला मिनेसोटा साक्ष आहे. त्यावरून ती सर्वांत मोलाची ठरत नाही, आणि बाकीच्यांची पूर्वअट तर मुळीच ठरत नाही. त्रिकोण काढणारा तातडी दाखवतो आणि पूर्वअट सिद्ध झाली असे समजतो. सगळा घोटाळा या एका उडीत आहे.

मास्लो यांनी स्वतः ही उडी इतकी बिनधास्त मारली नव्हती. त्यांचा मूळ लेख १९४३ साली ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’मध्ये आला. त्यात त्रिकोण नाही. ही श्रेणी वाटते तितकी ताठर नाही, असे त्यांनी तिथेच लिहिले आणि अपवादांची यादी दिली: प्रेमापेक्षा प्रतिष्ठेमागे आधी धावणारे, खालच्या गरजा भागल्या नसतानाही निर्मिती करणारे, तत्त्वासाठी सर्वस्व देणारे. एक गरज शंभर टक्के भागल्यावर दुसरी उगवते, हा समज चुकीचा आहे, असेही त्यांनी बजावले. नमुन्यादाखल त्यांनी मनाने आकडे धरले: सर्वसाधारण माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, प्रतिष्ठेच्या ४० आणि आत्मवास्तविकीकरणाच्या १० टक्के भागलेल्या असाव्यात. म्हणजे पाचही गरजा एकाच वेळी जाग्या आणि पाचही अर्धवट.

त्रिकोण आला कुठून? टॉड ब्रिजमन, स्टीफन कमिंग्ज आणि जॉन बॅलार्ड या तिघांनी २०१९ साली त्याचा माग काढला, तेव्हा तो १९६० सालच्या व्यवस्थापनविषयक लेखापाशी पोचला. लेखक चार्ल्स मॅकडर्मिड, आणि विषय पैशाने माणसे कशी प्रेरित होतात हा. कामगाराला काय दिले की तो काम करील, या प्रश्नाच्या उत्तरासाठी काढलेली आकृती आपण मानवी मनाचा नकाशा म्हणून शिकवत आलो. आपल्या स्वयंपाकघरातल्या उतरंडीसारखे तिचे रूप झाले: खालचे मडके काढले की वरची सगळी कोसळणार, आणि वरचे कितीही सुंदर असले तरी खालच्याच्या जिवावर.

पुराव्याचेही पाहू. महमूद वहाबा आणि लॉरेन्स ब्रिडवेल यांनी १९७६ साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. पाच गरजांची ही श्रेणी आणि तिचा क्रम यांना त्यांत फारच थोडा आधार मिळाला. २०११ साली लुई टे आणि एड डिनर यांनी १२३ देशांतल्या साठ हजारांवर लोकांची माहिती तपासली. गरजा भागणे आणि आयुष्य बरे वाटणे यांचा संबंध जगभर आढळला, म्हणजे गरजांची यादी बरीचशी टिकली. पण एका गरजेचा लाभ दुसरी भागली आहे की नाही यावर फारसा अवलंबून नव्हता. अन्न आणि सुरक्षितता साधारणतः आधी हाती येतात, हेही त्यांना दिसले, आणि ते सांगितलेच पाहिजे. मात्र त्याचे एक कारण असे की या गोष्टी देशाच्या परिस्थितीवर जास्त अवलंबून असतात. आपलेपणा आणि मान गरीब देशातही मिळू शकतात, आणि मिळाले की उपयोगी पडतात.

आता मार्कंडा. गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी हे देवस्थान आहे. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्हा. दक्षिणेला वाहणारी वैनगंगा इथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, म्हणून तीर्थ. दगडी मंदिरांचा हा समूह हजारेक वर्षांच्या जवळपास जुना मानतात. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात त्याची नोंद केली. शिल्पांमुळे त्याला विदर्भाचे खजुराहो म्हणतात, यात्रेमुळे विदर्भाची काशी. महाशिवरात्रीला इथे दोन्ही जिल्ह्यांतून माणसे लोटतात. पूर्वी बैलबंड्या यायच्या, आता ट्रॅक्टर आणि एस.टी. येणाऱ्यांत धान पिकवणारे, मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करणारे, मजुरी करणारे असतात. त्रिकोणाच्या हिशेबाने यांतले बरेचसे पहिल्या-दुसऱ्या पायरीवरचे.

पूर्वपक्षी म्हणेल, यात्रा भरते केव्हा ते पाहा. धान घरात आल्यावर. पोटोबा आधी झालाच की! आक्षेप चांगला आहे. पण सुगीनंतर यात्रा ही फुरसतीची सोय झाली. नांगरणीच्या दिवसांत लग्नेही होत नाहीत. त्यावरून लग्न ही शेतीपेक्षा हलकी गरज ठरत नाही. खरा प्रश्न असा, की हाती आलेले धान पुरेसे नसतानाही त्यातला वाटा माणूस यात्रेसाठी काढतो का? अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी २००७ साली अत्यंत गरीब कुटुंबांच्या खर्चाचा अभ्यास मांडला. त्यात राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्याचे आकडे आहेत. दिवसाला एका डॉलरहून कमीत राहणाऱ्या तिथल्या कुटुंबांपैकी जवळजवळ प्रत्येकाने वर्षभरात लग्न, मर्तिक किंवा सण यांवर खर्च केला होता, आणि सणांवरचा खर्च यांतल्या मधल्या कुटुंबात वार्षिक खर्चाच्या दहा टक्के होता. तीच माणसे पुरेसे जेवत नव्हती. याला उधळपट्टी म्हणणे सोपे आहे. पण तिथले जवळजवळ सगळे गरीब तीच चूक करीत असतील, तर चूक त्यांच्या हिशेबात शोधावी की आपल्या सिद्धान्तात?

महाशिवरात्रीचा उपवास मी पुरावा म्हणून घेत नाही. घरात धान्य असणाऱ्याचा उपवास आणि धान्य नसणाऱ्याची उपासमार या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि साबुदाण्याच्या खिचडीवर मास्लो यांना हरवणे हा वकिली डाव होईल.

मार्कंड्याच्या कथेकडे मात्र दुर्लक्ष करता येत नाही. मृकंड ऋषींना मूल नव्हते. शंकर प्रसन्न झाले आणि पर्याय ठेवला: दीर्घायुषी पण मंदबुद्धी पुत्र हवा, की गुणी पण सोळा वर्षांचाच? मृकंडांनी दुसरा मागितला. सोळाव्या वर्षी यम आला, मुलाने पिंडीला मिठी मारली, शंकराने यमाला परतवले. पुराणकथा मानसशास्त्राचा पुरावा होत नाही, हे मान्य. पण शतकानुशतके जी कथा ऐकणाऱ्यांना पटते, ती ऐकणाऱ्यांविषयी काही सांगते. इथे बाप सुरक्षितता सोडून गुण मागतो, आणि एवढ्या पिढ्यांतल्या श्रोत्यांना त्याची निवड वेडगळ वाटलेली नाही. कथेचा शेवट तर आणखी मार्मिक आहे: ज्या भक्तीपायी आयुष्याची लांबी पणाला लावली, तिच्यामुळेच ते आयुष्य वाचते. वरची म्हणावी ती गोष्ट खालचीला तारते.

हा क्रम कथेपुरता नाही. याच टापूत तो कागदोपत्री घडलेला आहे.

वरोड्याजवळचे आनंदवन घ्या. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ च्या सुमारास ओसाड माळावर कुष्ठरुग्णांची वसाहत सुरू केली. त्रिकोणाच्या नियमाने या माणसांना आधी अन्न, निवारा, औषध द्यायला हवे होते, आणि त्या काळी दयाळू लोक तेच देत असत, म्हणजे भीक. आमटे यांनी कुदळ दिली. झडलेल्या बोटांच्या माणसांनी विहिरी खोदल्या, शेते उभी केली. दानाने माणूस मोडतो, कामाने उभा राहतो, हा तिथला पाया होता. कुष्ठरुग्णाची उपासमार अन्नाच्या टंचाईतून आलेली नव्हती. समाजाने त्याला हाकलले होते, म्हणून त्याला शेत नव्हते, मजुरी नव्हती. प्रतिष्ठा गेली म्हणून भाकरी गेली होती. भाकरी परत यायची तर प्रतिष्ठेच्या वाटेनेच यायची.

दुसरे उदाहरण धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाचे. जेमतेम पाचशे वस्तीचे गोंड गाव. ऐंशीच्या दशकात गावाने आपले गोटूल सागवानाने पुन्हा उभारले. वनखात्याने ते पाडले. त्यावर आसपासच्या गावांनी एकत्र येऊन गोटुले उभारली. रस्ता नाही, रोजगार नाही, आणि ही माणसे भांडतात कशासाठी? तर तरुण पोरांनी जमण्याच्या जागेसाठी. त्रिकोणाचा विद्यार्थी इथे कपाळाला हात लावील. पण त्या भांडणातून जे गाव घडले त्याने पुढे सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत बसवली, कायदे समजून घेण्यासाठी अभ्यासगट चालवला. देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सोबती त्यात होते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते होते. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. मग बांबू विकला गेला, ग्रामसभेच्या खात्यात लाखो रुपये जमा झाले, लोकांना मजुरी मिळाली. क्रम लावून पाहा: आधी आपलेपणा, मग मान, मग हक्क, आणि शेवटी पगार. रोजगार हमीची कामे गावात आली असती तरी बांबूची मालकी आली नसती.

तिसरे उदाहरण आरोग्याचे, म्हणजे थेट तळाच्या पायरीचे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आदिवासींना विचारले की तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरे अशी आली: इमारती मोठ्या, बुजायला होते; नातेवाइकांना बाहेर ठेवतात; डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत, आणि पांढरे तर आम्ही प्रेताला नेसवतो; देव कुठेच नाही. म्हणून संस्थेच्या शोधग्राम या आवारातला दवाखाना गावासारखा बांधला गेला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले. जीव वाचवण्याची सोय उपलब्ध होती, पण आपलेपणाच्या दारातून गेल्याशिवाय तिच्यापर्यंत पोचता येत नव्हते. नवजात बालकांच्या बाबतीतही तसेच. ३९ गावांत थोड्या शिकलेल्या गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. औषध आणि तंत्र होतेच. पण ते बाळापर्यंत नेणारी बाई त्या घराला आपली वाटत होती, आणि गावात तिला मान होता.

या मांडणीवर दोन आक्षेप येतील. पहिला: ही तीन निवडक उदाहरणे आहेत, आमटे, तोफा, बंग ही असामान्य माणसे, आणि मास्लो यांनी अपवाद मान्य केलेच होते. याचे उत्तर असे की असामान्य नेता असेल, पण कुदळ उचलणारे, गोटूल बांधणारे, आरोग्यदूत झालेल्या बायका या सामान्यच होत्या, आणि त्रिकोणाचा दावा नेमका सामान्यांविषयी आहे. शिवाय पूर्वअट हा शब्द फार कडक आहे. एखादी गोष्ट दुसरीची पूर्वअट आहे असे म्हटले की अपवाद सोसत नाहीत. सोसत असतील तर तिला प्रवृत्ती म्हणावे, नियम म्हणू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मान आणि आपलेपणा पोटावर अवलंबून नाहीत असे म्हटले, तर ‘आदिवासी गरीब पण सुखी’ म्हणणाऱ्यांना बळ मिळते, आणि सरकारला रेशन-दवाखान्याची जबाबदारी झटकायला निमित्त मिळते. अशा भाबडेपणाचे आणखी एक रूप अलीकडे दिसते. मास्लो १९३८ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या ब्लॅकफूट या मूलनिवासी लोकांमध्ये राहिले होते. तिथे त्यांना गरिबीतही मनाने निर्धास्त माणसे भेटली, आणि ज्याने जास्त वाटले तो श्रीमंत ही कल्पना भेटली. त्यावरून सगळा सिद्धान्तच त्यांनी तिथून उचलला, अशी कथा आता पसरली आहे. तिला आधार दिसत नाही. उलट, त्या अनुभवाला पुढच्या त्रिकोणात जागाच उरली नाही, ही खरी खेदाची गोष्ट.

माझ्या युक्तिवादातून रेशन थांबवण्याचा निष्कर्ष निघत नाही. कुपोषित मूल थांबू शकत नाही. तातडी मी मघाशीच मान्य केली. निघतो तो निष्कर्ष पद्धतीविषयी. भुकेला आहे म्हणून त्याचे मत विचारू नये, अशी सूट तातडी कुणाला देत नाही. रेशन देतानाच ते कोणत्या गावात, कोणाच्या हातून, कोणत्या धान्याचे, याचा निर्णय ग्रामसभेने करावा, म्हणजे दोन्ही गरजा एकाच कामात भागतात. त्रिकोण मानणारा अधिकारी यांपैकी एकच गरज पाहतो आणि दुसरी पुढच्या योजनेला ठेवतो. मग दवाखाना बांधला जातो आणि रिकामा राहतो, आणि दोष लोकांच्या अज्ञानाला दिला जातो.

तेव्हा पाठ्यपुस्तकाने काय करावे? मास्लो यांच्या पाच गरजा ठेवाव्यात. माणसाला भाकरीइतकीच प्रतिष्ठाही लागते, हे १९४३ साली त्यांनी जोराने सांगितले, त्याचे श्रेय त्यांना द्यावे. त्रिकोण मात्र काढून टाकावा, किंवा ठेवायचाच असेल तर तो कुणी, कधी आणि कशासाठी काढला ते खाली छापावे. परीक्षेत ‘गरजांचा क्रम सांगा’ ऐवजी असा प्रश्न घालावा: ‘तुमच्या तालुक्यातले एक उदाहरण घ्या, आणि त्यात कोणती गरज कोणत्या गरजेच्या वाटेने भागली ते लिहा.’ चामोर्शी, धानोरा, वरोडा इथल्या विद्यार्थ्यांना उत्तरासाठी लांब जावे लागणार नाही. म्हण टिकेल, म्हणी टिकतातच. तिने फक्त दुपारच्या जेवणाची वेळ ठरवावी, जिल्ह्याचा विकास आराखडा ठरवू नये.